क्रिएटिनिन उतरले, पुढे काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांचे वय ५८, दहा वर्षांपासून मधुमेह, रक्तदाबासाठी रोज टेल्मिसार्टनची गोळी. न्यूमोनिया झाला, संसर्ग रक्तात पसरला आणि त्यांना आयसीयूत ठेवावे लागले. रक्तातील क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ; किडनी मंदावली की तो रक्तात वाढतो) आजारापूर्वी १.० होते, ते ४.६ पर्यंत चढले, लघवी जवळजवळ बंद झाली आणि चार वेळा डायलिसिस करावे लागले. घरी सोडताना क्रिएटिनिन १.६ होते, सहा आठवड्यांनी १.२ आले आणि ‘किडनी आता ठीक आहे’ असे तुम्हाला सांगण्यात आले. तुम्हाला जाणून घ्यायचे आहे की हे प्रकरण खरोखर संपले का, पुढे कायमचे डायलिसिस लागण्याची शक्यता किती, बंद केलेली रक्तदाबाची गोळी पुन्हा सुरू करावी का, आणि दिवसाला चार लिटर पाणी व प्रथिने वर्ज्य हा आप्तेष्टांचा सल्ला पाळावा का.

किडनीविकारतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक आठवड्यात विचारला जातो. मी तुमच्या वडिलांना तपासलेले नाही, त्यामुळे खाली लिहिलेले हे औषधयोजना नव्हे, तर अशा रुग्णाकडे मी कोणत्या क्रमाने आणि का पाहतो याचे स्पष्टीकरण आहे, असे समजावे.

प्रथम मूळ अडचण नीट मांडू. ‘किडनी ठीक आहे’ हे वाक्य एका आकड्यावर उभे आहे आणि तो आकडा म्हणजे १.२. या एका आकड्यावरून दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे काढली जात आहेत. पहिला प्रश्न असा की, किडनीचे आजचे काम चालले आहे का. त्याचे उत्तर बहुधा होकारार्थी आहे. वडील डायलिसिसविना आहेत, लघवी होते आहे, आणि ही खरोखर मोठी गोष्ट आहे. दुसरा प्रश्न असा की, या आजारात किडनीचा किती भाग कायमचा गमावला आणि उरलेल्या भागावर आता किती ताण आहे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर क्रिएटिनिनच्या एका अहवालातून मिळत नाही, आणि पुढील पाच-दहा वर्षे कशी जातील हे मात्र त्याच उत्तरावर ठरते.

पूर्वी असा भेद केला जात नसे. १९४१ साली, लंडनवर बॉम्बहल्ले होत असताना, ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या रुग्णांची किडनी अचानक बंद पडते याचे तपशीलवार वर्णन बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी केले. त्या काळी अशा रुग्णांपैकी बहुतेक जण दगावत, कारण डायलिसिसचे यंत्र अजून वापरात यायचे होते. पुढे डायलिसिस आले, रुग्ण वाचू लागले आणि वाचलेल्यांची लघवी पूर्ववत होते, क्रिएटिनिन उतरते, हे पाहून अशी समजूत रुजली की या आजारात रुग्ण एकतर दगावतो किंवा पूर्ण बरा होतो. कित्येक दशके वैद्यकीय शिक्षणातही हेच शिकवले जाई. हजारो रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षे तपासता येऊ लागल्या, तेव्हा कुठे या समजुतीला तडा गेला.

२०१२ साली १३ अभ्यास एकत्र करून केलेले एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. रुग्णालयात किडनीला अचानक इजा झालेल्यांना पुढे दीर्घकालीन किडनीविकार होण्याचा धोका, अशी इजा न झालेल्यांच्या तुलनेत सुमारे नऊपट, किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका सुमारे तिप्पट आणि मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट आढळला. हे आकडे वाचून घाबरू नका, आधी ते कसे वाचायचे ते सांगतो. ‘तिप्पट’ म्हटले की मनात मोठी संख्या येते, परंतु मूळ धोका लहान असेल तर त्याची तिप्पटही लहानच असते. शिवाय ज्यांना किडनीची इजा होते ते रुग्ण मुळातच अधिक आजारी, अधिक वयस्कर आणि मधुमेह-हृदयविकार असलेले असतात. गणिताने हा फरक जुळवून घेण्याचा प्रयत्न होतो, पण तो पूर्णपणे पुसता येत नाही. म्हणून या आकड्यांचा मी एवढाच अर्थ घेतो की ही इजा मागे काहीतरी ठेवून जाते आणि ते किती हे प्रत्येक रुग्णात स्वतंत्रपणे पाहावे लागते.

मागे काय राहते हेही सांगतो, कारण पुढचा सगळा विचार त्यावर आधारलेला आहे. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीला जोडून एक बारीक नलिका असते. संसर्गात रक्तदाब खाली जातो, सूज आणणारी रसायने रक्तात फिरतात आणि पहिला तडाखा या नलिकांच्या पेशींना बसतो. या पेशींची पुन्हा उगवण्याची क्षमता चांगली असते. लघवी परत सुरू होते ती त्यांच्यामुळेच. परंतु इजा तीव्र असेल, लांबली असेल किंवा मुळात किडनी मधुमेहाने थकलेली असेल, तर काही पेशींची दुरुस्ती अर्धवट अडकते. अशा पेशी शेजारच्या ऊतीला व्रण तयार करण्याचे संदेश देत राहतात, आजूबाजूच्या केशवाहिन्या विरळ होतात आणि त्या नलिकेला जोडलेली गाळणी हळूहळू निकामी होते. दहा माणसांचे काम सहा जणांवर पडावे तसे उरलेल्या गाळण्या जास्त दाबाखाली जास्त रक्त गाळू लागतात. काम निभते, क्रिएटिनिनही फारसे वाढत नाही. पण वर्षानुवर्षे या दाबाखाली राहून त्या उरलेल्या गाळण्याही झिजू लागतात.

आता कोणावर हे किती लागू होते ते पाहू, कारण येथे परिस्थितीनुसार खूप फरक पडतो. जुलाबांमुळे शरीरातील पाणी कमी झाले, क्रिएटिनिन १.० वरून १.६ झाले आणि सलाइन दिल्यावर दोन दिवसांत खाली आले, अशा तरुण रुग्णाची मी फारशी काळजी करत नाही. प्रोस्टेटमुळे लघवी तुंबून किडनी बंद पडली आणि वेळेत नळी घातली, तर तोही बहुतेक वेळा चांगला सावरतो. तुमच्या वडिलांचे तसे नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या २०१२ च्या वर्गीकरणानुसार क्रिएटिनिन मूळ पातळीच्या तिप्पट झाले, ४.० च्या वर गेले किंवा डायलिसिस लागले की ती तिसऱ्या, म्हणजे सर्वांत तीव्र, पायरीची इजा धरली जाते. वडील यातील तिन्ही निकषांत बसतात. त्यात मधुमेह आहे आणि सावरायला दोन दिवस नव्हे, काही आठवडे लागले. इजा सात दिवसांच्या पुढे रेंगाळली की तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात आणि नव्वद दिवसांपर्यंतचा काळ हा किडनी कोणत्या बाजूला झुकते ते ठरण्याचा काळ मानतात. तुम्ही सध्या त्याच काळात आहात.

दुसऱ्या बाजूला त्यांच्या जमेचे मुद्देही लहान नाहीत. आजारापूर्वीचे क्रिएटिनिन १.० होते, म्हणजे सुरुवातीला किडनीचे भांडवल चांगले होते. डायलिसिस थोड्याच वेळा लागले आणि सुटले. डायलिसिस सुटल्यावर आकडा खालीच येत गेला, मधे पुन्हा चढला नाही.

येथे मी जरा थांबतो, कारण १.२ या आकड्याबद्दल मला जे सांगायचे आहे ते या उत्तरातील सर्वांत महत्त्वाचे आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. रोज किती तयार व्हायचे ते अंगावर किती मांस आहे त्यावर ठरते, आणि रक्तात किती उरायचे ते किडनी किती बाहेर टाकते त्यावर. आयसीयूतील माणसाचे स्नायू फार झपाट्याने झडतात. तुम्ही लिहिले आहे की वडिलांचे वजन ७४ किलोवरून ६५ वर आले आणि जिना चढताना मांड्या थरथरतात. नऊ किलोंपैकी मोठा वाटा स्नायूंचा असणार. म्हणजे आता त्यांच्या शरीरात क्रिएटिनिन तयारच कमी होत आहे, आणि तरीही ते पूर्वीपेक्षा जास्त, १.२, आहे.

हेच आकड्यांत पाहू. ५८ वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.० असेल तर २०२१ च्या सूत्राने किडनीची अंदाजे गाळणक्षमता, जिला अहवालात ईजीएफआर म्हणतात, सुमारे ८७ येते. १.२ असेल तर सुमारे ७०. कागदावर ७० वाचून कोणीही निश्चिंत होईल. आता त्याच रुग्णाचे सिस्टॅटिन सी तपासले आणि समजा ते १.५ आले, तर त्यावरून काढलेली गाळणक्षमता सुमारे ४६ भरते. सिस्टॅटिन सी हे प्रथिन शरीरातील जवळजवळ सर्व पेशी तयार करतात, त्यामुळे स्नायू झडले म्हणून ते खोटे कमी दिसत नाही. ७० आणि ४६ यांत औषधांचे डोस बदलण्याइतका फरक आहे. वडिलांचे असेच येईल असे मी म्हणत नाही. पण दीर्घकाळ आयसीयूत राहून आलेल्या रुग्णाकडे मी केवळ क्रिएटिनिनवर विसंबत नाही, ते यासाठी. सिस्टॅटिन सी लाही स्वतःच्या मर्यादा आहेत. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, थायरॉइडचा विकार असेल किंवा शरीरात दाह उरला असेल तर तेही चुकीचे दिसू शकते. त्यामुळे शक्यतो अंगातील संसर्ग पूर्ण निवल्यावर, दोन्ही तपासण्या एकाच रक्तनमुन्यात करून, दोन्ही मिळून येणारी गाळणक्षमता पाहावी.

याचा एक उलटा परिणामही लक्षात ठेवा. पुढच्या काही महिन्यांत वडील नीट जेवू लागतील, व्यायाम करतील, अंग भरेल आणि क्रिएटिनिन १.२ वरून १.३ होईल. घरात लगेच घबराट पसरेल की किडनी पुन्हा बिघडली. कदाचित ती बिघडलेली नसेल. स्नायू परत आले असतील. म्हणून प्रत्येक अहवालाशेजारी त्या दिवशीचे वजन लिहून ठेवण्याची सवय लावा. मला रुग्णाच्या वहीत वजन लिहिलेले दिसले की अर्धे कोडे तिथेच सुटते.

दुसरी तपासणी लघवीची. ती स्वस्त आहे, सोपी आहे आणि सर्वांत जास्त वेळा राहून जाते. लघवीतील अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर सकाळच्या पहिल्या लघवीत मोजावे. ते प्रतिग्रॅम ३० मिलिग्रॅमच्या खाली असावे. मघाशी सांगितले की उरलेल्या गाळण्यांवर दाब वाढतो; तो दाब वाढल्याची खूण म्हणजे गाळणीतून पाझरणारे हे अल्ब्युमिन. उत्तर अमेरिकेत झालेल्या अ‍ॅसेस-एकेआय या अभ्यासात १५३८ रुग्णांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला गेला, त्यांतील निम्म्यांना रुग्णालयात किडनीची इजा झाली होती आणि निम्म्यांना नव्हती. घरी गेल्यानंतर तीन महिन्यांनी मोजलेले हे गुणोत्तर जितके जास्त, तितकी पुढे किडनी बिघडण्याची शक्यता जास्त, असे त्यात स्पष्ट दिसले. गुणोत्तर दुप्पट झाले की धोका साधारण दीडपट. तुम्ही पाठवलेल्या अहवालांच्या यादीत रक्ताच्या कितीतरी तपासण्या आहेत, आणि ही एक नाही. साध्या लघवीच्या तपासणीत ‘प्रथिने नाहीत’ असे आले आहे म्हणून ती वगळू नका, कारण थोडे अल्ब्युमिन त्या तपासणीच्या रंग बदलणाऱ्या पट्टीवर दिसतच नाही. ताप असताना, लघवीत संसर्ग असताना किंवा जोरदार व्यायामानंतर मात्र ती करू नका. उगाच वाढलेली दिसेल. एकदा वाढलेली आली तर काही आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करावी. मधुमेहामुळे आजारापूर्वीही अल्ब्युमिन जात असण्याची शक्यता आहे, तेव्हा जुन्या फायलीत असा अहवाल सापडला तर तो अवश्य जपून ठेवा. त्याची तुलनेसाठी फार मदत होते.

कायमच्या डायलिसिसची भीती हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे असे मला वाटते. एकदा डायलिसिस केले की किडनीला त्याची सवय लागते आणि ते सुटत नाही, हा समज फार पसरलेला आहे. त्यामुळे कधीकधी नातेवाईक अत्यावश्यक डायलिसिसलाही नकार देतात. तसे काही घडत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या स्टार्ट-एकेआय या आंतरराष्ट्रीय चाचणीत आयसीयूतील जवळजवळ तीन हजार रुग्ण होते. एका गटात डायलिसिस लवकर सुरू केले, दुसऱ्या गटात खरोखर गरज पडेपर्यंत थांबले. मृत्यूचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच राहिले. नव्वद दिवसांनी वाचलेल्यांपैकी लवकर सुरू केलेल्या गटात १०.४ टक्के आणि थांबलेल्या गटात ६ टक्के रुग्णांना अद्याप डायलिसिस लागत होते. यातून मी दोन गोष्टी घेतो. एक, डायलिसिसची घाई करण्यात हित नाही. त्या दरम्यान रक्तदाब खाली गेला तर सावरणाऱ्या किडनीला पुन्हा धक्का बसू शकतो. दुसरी तुमच्या दृष्टीने महत्त्वाची, की वाचलेल्यांपैकी दहातील सुमारे नऊ किंवा त्याहून जास्त जणांना तीन महिन्यांनी डायलिसिस लागत नव्हते. वडील त्यांच्यातच आहेत. नजीकच्या काळात त्यांना पुन्हा डायलिसिस लागेल ते बहुतेक एकाच मार्गाने, म्हणजे पुन्हा एखादा मोठा आजार होऊन, आपोआप नव्हे.

आणि हा पुन्हा होणारा आजार काल्पनिक नाही. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयीन नोंदींत असे आढळले की किडनीची इजा होऊन घरी गेलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण वर्षाच्या आत तशाच इजेसाठी पुन्हा दाखल झाले. म्हणून माझ्या कामाचा मोठा भाग पहिल्या इजेवर उपचार करण्यापेक्षा दुसरी टाळण्यात जातो. पहिला नियम वेदनाशामकांचा: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन या जातीची गोळी वडिलांनी स्वतःच्या मनाने घेऊ नये, गुडघा कितीही दुखला तरी. या गोळ्या किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी आकुंचित करतात. टेल्मिसार्टनसारखी गोळी गाळणीतून बाहेर पडणारी वाहिनी सैल करते, आणि लघवीची गोळी शरीरातील पाणी कमी करते. तिन्ही एकत्र आल्या आणि त्यात जुलाब किंवा ताप आला, की गाळणीतील दाब कोसळतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल योग्य डोसात चालते. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांचाही विचार करा. रुग्णालयात सुरू झालेली पँटोप्राझोल कारण संपल्यावरही वर्षभर चालू राहिलेली मी पुष्कळदा पाहतो, आणि क्वचित तीही किडनीत दाह निर्माण करते. ‘नैसर्गिक’ म्हणून दिल्या जाणाऱ्या, घटक न सांगणाऱ्या चूर्ण-भस्मांबाबत माझे मत याहूनही कडक आहे.

टेल्मिसार्टन पुन्हा सुरू करावी का, हा प्रश्न तुम्ही विचारला ते बरे केले, कारण येथे दोन्ही बाजूंनी चूक होते. आजारात रक्तदाब खाली असताना ती बंद करणे योग्यच होते. पण ‘किडनीला इजा झाली, आता ही गोळी कधीच नको’ असा निष्कर्ष काढणे बरोबर नाही. ही गोळी गाळणीतील तोच वाढलेला दाब कमी करते, अल्ब्युमिन घटवते आणि मधुमेही माणसाच्या किडनीला दीर्घकाळ जपते. कॅनडातील अल्बर्टा प्रांतातील रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात, किडनीच्या इजेनंतर या वर्गातील औषधे घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी, परंतु किडनीच्या तक्रारीसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण जास्त दिसले. तो निरीक्षणात्मक अभ्यास होता, त्यामुळे गोळीमुळेच सारे घडले असे म्हणता येत नाही. तरी गोळी आणि देखरेख सोबत चालली पाहिजे एवढे त्यातून नक्की निघते. मी स्वतः असे करतो: क्रिएटिनिन दोन-तीन अहवालांत स्थिर असेल, पोटॅशियम ५ च्या खाली असेल, रक्तदाब चढू लागला असेल किंवा अल्ब्युमिन जात असेल, तर लहान डोसाने सुरू करतो आणि एक ते दोन आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम पुन्हा पाहतो. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढले तर गोळी बंद करत नाही, कारण दाब कमी झाला की एवढी वाढ अपेक्षितच असते. त्याहून जास्त वाढले तर थांबून कारण शोधतो. तुम्ही गोळी स्वतः सुरू करू नका. पण पुढच्या भेटीत डॉक्टरांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा.

मधुमेहाच्या औषधांबद्दलही हीच गाळणक्षमता कामी येते. मेटफॉर्मिन गाळणक्षमता ४५ च्या खाली गेल्यावर कमी करतात आणि ३० च्या खाली बंद करतात, तेव्हा मघाच्या ७० की ४६ या प्रश्नाला व्यावहारिक अर्थ आहे. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या औषधांनी दीर्घकालीन किडनीविकाराची गती मंदावते हे २०२० आणि २०२२ मधील मोठ्या चाचण्यांनी दाखवले आहे. वडिलांच्या बाबतीत अल्ब्युमिन वाढलेले आढळले तर मी त्यांचा विचार नक्की करेन, मात्र अन्नपाणी नीट जाऊ लागल्यावर. उलट्या-जुलाब झाले, तापात खाणेपिणे थांबले, तर ही औषधे, मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी तात्पुरती थांबवावी का हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारावे. माझा अनुभव असा की थांबवणे सर्वांना आठवते, पुन्हा सुरू करणे विसरले जाते. म्हणून थांबवताना सुरू करण्याची तारीखही विचारून लिहून घ्यावी.

हृदयाचा विषय रुग्ण सहसा काढत नाहीत, पण मला काढावा लागतो. किडनीची इजा झालेल्यांमध्ये पुढे कायमचे डायलिसिस लागणाऱ्यांपेक्षा हृदयविकाराने किंवा अन्य आजाराने दगावणाऱ्यांची संख्या कितीतरी जास्त असते. मघाशी उल्लेख केलेल्या उत्तर अमेरिकेतील अभ्यासातही किडनीची इजा झालेल्यांमध्ये हृदयाची पंपक्षमता ढासळून दाखल होण्याचे प्रमाण अधिक होते, आणि रक्तदाब नव्याने वाढण्याचा संबंधही इतर अभ्यासांत दिसला आहे. म्हणून घरी रक्तदाब मोजून नोंदवावा, पायांवर सूज किंवा झोपल्यावर धाप लागणे याकडे वय झाले म्हणून दुर्लक्ष करू नये, आणि कोलेस्टेरॉलची गोळी आजारपणात बंद झाली असेल तर तिची चौकशी करावी. तंबाखूबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही. असेल तर ती सोडणे या सर्वांत वरचे आहे.

पाणी आणि आहार यांवर थोडक्यात लिहितो, कारण तेथे सांगण्यासारखे कमी आहे. चार लिटर पाण्याने किडनी ‘धुऊन’ निघत नाही. दीर्घकालीन किडनीविकार असलेल्यांना मुद्दाम जास्त पाणी प्यायला सांगून वर्षभर पाहिलेल्या एका चाचणीत, जी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, किडनीची झीज कमी झाली नाही. तहानेप्रमाणे प्यावे, उन्हात व तापात थोडे जास्त, आणि हृदय अशक्त असेल तर डॉक्टर सांगतील तेवढेच. प्रथिने बंद करण्याचा सल्ला सध्या तर अपायकारकच आहे. ज्याच्या मांड्या थरथरतात त्याची प्रथिने तोडून किडनी वाचत नाही, माणूस खंगतो. गाळणक्षमता खरोखर कमी ठरली, तर शक्ती भरून आल्यावर आहारतज्ज्ञांच्या मदतीने रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिनांवर यावे. प्रथिनांच्या पावडरी आणि मिठाचे पर्याय म्हणून मिळणारी पोटॅशियमयुक्त मिठे मात्र न विचारता नकोत.

आता वेळापत्रक. एवढी तीव्र इजा झाल्यावर तीन महिन्यांनी एकदा किडनीविकारतज्ज्ञांना भेटणे मी आवश्यक मानतो. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही तीन महिन्यांनी तपासणी करायला सांगतात. कॅनडातील ओंटारिओमध्ये डायलिसिस लागून बरे झालेल्या रुग्णांत, ज्यांना नव्वद दिवसांत तज्ज्ञांनी पाहिले त्यांचा मृत्युदर न पाहिलेल्यांपेक्षा कमी आढळला. अशी भेट घेणारे लोक मुळातच स्वतःची काळजी घेणारे असतात, हा त्यातील भाग वजा केला तरी भेट घेण्यात तोटा नाही. त्या भेटीपूर्वी क्रिएटिनिन, सिस्टॅटिन सी, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, लघवीतील अल्ब्युमिनचे गुणोत्तर आणि लघवीची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी करून घ्या. सोनोग्राफी रुग्णालयात झाली असेल आणि दोन्ही किडन्यांचा आकार सामान्य असेल तर लगेच पुन्हा नको. लघवीत रक्तपेशी दिसल्या किंवा अल्ब्युमिन फार जास्त आले, तर केवळ संसर्गामुळे झालेली ही इजा नव्हती अशी शंका घेऊन वेगळा तपास करावा लागतो. मग कधी बायोप्सीचाही प्रश्न येतो.

त्या अहवालांतून तीनपैकी एक चित्र दिसेल. गाळणक्षमता ६० च्या वर आणि अल्ब्युमिन ३० च्या खाली असेल, तर मी रुग्णाला नेहमीच्या डॉक्टरांकडे परत पाठवतो आणि मधुमेहामुळे वर्षातून एकदा ज्या तपासण्या व्हायलाच हव्यात त्या पहिल्या वर्षी दोनदा करायला सांगतो. गाळणक्षमता ६० च्या वर असूनही अल्ब्युमिन जात असेल, तर ते लक्षण मी किंचित कमी गाळणक्षमतेपेक्षा गंभीरपणे घेतो आणि टेल्मिसार्टनसारखी औषधे तातडीने मार्गी लावतो. गाळणक्षमता ६० च्या खाली स्थिरावली असेल, तर दर तीन ते सहा महिन्यांनी भेट, प्रत्येक नव्या औषधाचा डोस तपासून आणि वर्षाला किती घसरण होते याचा आलेख. वर्षाला पाचपेक्षा अधिक घसरण होत असेल तर मी कारणे पुन्हा शोधायला लागतो.

भेटीला जाताना डिस्चार्ज कार्ड घेऊन जा, पण आधी एकदा वाचून पाहा. त्यावर न्यूमोनिया आणि सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरलेला संसर्ग, ठळकपणे लिहिलेले असेल. किडनीची इजा, सर्वांत वरचे क्रिएटिनिन आणि डायलिसिसच्या तारखा लिहिलेल्या आहेत की नाहीत ते बघा. त्या नसतील तर रुग्णालयाकडून लिहून घ्या, आणि वडिलांच्या पाकिटात ठेवता येईल अशा एका कागदावर तीच माहिती व आजचे क्रिएटिनिन लिहून ठेवा. पुढे कधी दात काढायचा असो, सीटी स्कॅनसाठी रंगद्रव्य द्यायचे असो वा रात्रपाळीच्या डॉक्टरांनी वेदनेसाठी इंजेक्शन लिहायचे असो, त्यांच्यासमोर बसलेल्या माणसाला असे काही झाले होते हे त्यांना त्या कागदावरूनच कळणार आहे.